मंत्रचळ आणि आतड्यांतील जिवाणू : पोटाची काळजी उपचाराला पूरक कशी ठरवावी

मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो आजार, ज्यांना स्वतःला आहे किंवा ज्यांच्या घरात आहे, त्यांच्या कानावर अलीकडे एक गोष्ट वारंवार पडते : आतड्यांतील जिवाणूंचा मेंदूशी संबंध असतो, तेव्हा पोट सुधारले की पुन्हा पुन्हा हात धुण्याची, कुलूप ओढून पाहण्याची, मनात आकडे मोजत राहण्याची सक्तीही सुटेल. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग आज हाती असलेल्या पुराव्याच्या बराच पुढे धावतो. या दोहोंच्या मधे मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. ते कोणत्या क्रमाने करावे, कोठे थांबावे आणि विशेषतः आहाराची काळजी हीच आजाराचे नवे रूप कशी होऊ देऊ नये, हे येथे सांगायचे आहे.

संबंध आहे, तो कोणत्या अर्थाने

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत, असा अंदाज इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. तेथून मेंदूपर्यंत त्यांचा प्रभाव पोहोचण्याचे अनेक मार्ग आहेत. व्हेगस ही लांबलचक चेता त्यांपैकी एक. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून खाली आज्ञा आणण्याऐवजी पोटातील आणि छातीतील अवयवांची खबर मेंदूकडे नेतात. दुसरा मार्ग रासायनिक आहे. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि शरीरातील दाह आटोक्यात ठेवण्यास हातभार लावतात.

तिसऱ्या मार्गाविषयी, म्हणजे सेरोटोनिन या चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाविषयी, फार गैरसमज पसरले आहेत. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि काही जिवाणू त्याच्या निर्मितीला चालना देतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, कारण मेंदूभोवतीची संरक्षक भिंत ते अडवते. त्यामुळे ‘पोटात सेरोटोनिन वाढवा, मंत्रचळ कमी होईल’ असे सांगून विकले जाणारे कोणतेही चूर्ण वा कॅप्सूल चुकीच्या पायावर उभे आहे, असे समजावे.

प्राण्यांवरील प्रयोग मात्र खरोखर लक्षवेधी आहेत. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की, जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना अरुंद जागेत कोंडले असता त्यांच्यात ताणाची संप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा बरीच अधिक वाढतात, आणि त्यांना बायफिडोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू दिले की ही प्रतिक्रिया सौम्य होते. मंत्रचळाच्या अधिक जवळचा प्रयोग २०१४ मधला. एका रसायनाने उंदरांमध्ये सक्तीसारख्या हालचाली निर्माण करता येतात, उदाहरणार्थ काचेच्या गोट्या भुशात पुरत राहणे. ज्या उंदरांना आधी दोन ते चार आठवडे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिला होता, त्यांच्यात या हालचाली कमी झाल्या आणि हा परिणाम फ्लुऑक्सेटिन या औषधाच्या परिणामाशी तुलना करण्याजोगा होता.

पण उंदराकडून माणसाकडे येताना काय होते, याचाही एक नमुना आपल्यासमोर आहे. याच जातीच्या जेबी-१ या वाणाने उंदरांची चिंता कमी होते, आणि व्हेगस चेता कापली की तो परिणाम नाहीसा होतो, असे २०११ मध्ये आढळले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. पुढे तोच वाण २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ताण, मनःस्थिती आणि स्मरण यांपैकी कशातही तो औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

प्रत्यक्ष मंत्रचळाच्या रुग्णांवरील अभ्यास थोडे आणि लहान आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात औषधे न घेणाऱ्या २१ रुग्णांची तुलना २२ निरोगी व्यक्तींशी केली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या आतड्यांत जिवाणूंची विविधता कमी होती, ब्युटिरेट तयार करणाऱ्या काही जाती कमी होत्या आणि रक्तात दाहाचे सूचक असलेले प्रथिन अधिक होते. त्याच गटातील जवळपास निम्म्या रुग्णांना आयबीएसचा, म्हणजे वारंवार पोटात कळ येणे, जुलाब वा बद्धकोष्ठ होणे असा त्रास होता. यावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. सतत भीतीत जगणारा माणूस वेळेवर जेवत नाही, विटाळाच्या धास्तीने मोजकेच पदार्थ खातो, त्याची झोप उडालेली असते. एवढ्यानेही जिवाणूंची घडी बदलू शकते. माझ्या मते आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की, दोन्ही दिशांनी काही ना काही वाहत असावे.

आधी निदान, मग ताट

म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरात नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे आहे. मंत्रचळावर दोन उपचार भक्कम पुराव्याने सिद्ध झाले आहेत. एक, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन सक्तीची कृती न करण्याचा सराव, ज्याला ईआरपी म्हणतात. आणि दुसरा, सेरोटोनिनवर काम करणारी औषधे, म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन, एस्सिटॅलोप्रॅम आणि जुने क्लोमिप्रॅमिन. नैराश्यापेक्षा मंत्रचळाला बहुधा अधिक मात्रा लागते आणि औषध उपयोगी पडते की नाही हे ठरवण्यासाठी पुरेशा मात्रेत ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. पुष्कळ लोक तिसऱ्या आठवड्यातच ‘हे लागू पडत नाही’ असे म्हणून सोडून देतात आणि नेमके तेव्हाच पोटाच्या उपायांकडे वळतात. हा क्रम टाळावा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र उपचार विभाग आहे. जवळपास तज्ज्ञ नसेल तर १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते; केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा पातळ शौच होणे सामान्य आहे आणि ते बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. जेवणानंतर गोळी घेतल्याने पुष्कळांना बरे पडते. हा त्रास पाहून ‘औषधाने आतडे बिघडले’ असा निष्कर्ष काढून गोळी अचानक बंद करू नये. त्याने चक्कर, बेचैनी आणि आजाराची उचल असे वेगळेच प्रश्न उभे राहतात. त्रास टिकला तर डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

ताटात काय बदलावे

आहारातील बदलाने मंत्रचळ बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही तो करावा, कारण पोटाचा त्रास कमी झाला की उपचाराच्या सरावाला बळ मिळते आणि एरवीही तो शरीराच्या हिताचाच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे सुचवते. मराठी घराला यासाठी परदेशी काही विकत आणावे लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी तंतू असतात. म्हणजे दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घरात एका वेळी भाकरी आली, तरी मोठा फरक पडतो.

सुरुवात एकाच बदलाने करावी. पहिल्या आठवड्यात एका जेवणात भाकरी, दुसऱ्या आठवड्यात दोन दिवसांआड मटकीची, चवळीची किंवा कुळथाची उसळ, त्यानंतर रोज एखादे फळ, सालीसकट खाता येईल असे, आणि कधी जवसाची वा कारळ्याची चटणी. एकदम सगळे वाढवले तर पोटात वायू धरतो, पोट फुगते, आणि ज्याला आधीच शरीरातल्या प्रत्येक हालचालीची भीती वाटते अशा रुग्णासाठी तो नवाच धसका ठरतो. कडधान्ये भिजवून, मोड आणून आणि मऊ शिजवून घेतल्यास त्रास कमी होतो. आयबीएस असलेल्यांनी उसळींचे प्रमाण डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे, कारण त्यांच्यापैकी अनेकांना काही कडधान्ये, कांदा आणि लसूण सोसत नाहीत.

आंबवलेल्या पदार्थांविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ३६ निरोगी प्रौढांना १० आठवडे दोन प्रकारचे आहार दिले गेले; आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित अनेक प्रथिने घटली. पण जिवंत जिवाणू पोटात जायचे असतील तर पदार्थ आंबवल्यानंतर तापवलेला नसावा. घरी विरजलेले दही, ताजे ताक, शिजवून गार केल्यावर ताक घातलेली आंबील हे त्या अर्थाने उपयोगी आहेत. इडली, आंबोळी किंवा गोव्यातील सान्न यांचे पीठ आंबते खरे, पण वाफेवर आणि तव्यावर त्यातील जिवाणू मरतात, कढीचेही तेच. हे पदार्थ पचायला चांगले आहेत, ते जरूर खावेत, फक्त त्यांच्याकडून ताकाचे काम अपेक्षू नये. दुपारच्या जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा पेलाभर ताक एवढे पुरे. खूप मीठ घातलेले ताक रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावे.

नियमाचा विधी होऊ नये म्हणून

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे आणि पोटाविषयीच्या उत्साही सल्ल्यांत तो बहुतेक वेळा सुटतो. मंत्रचळ हा आजार कोणत्याही नियमाला धरून वाढतो. स्वच्छतेचा नियम, देवपूजेचा नियम, तसाच आहाराचा नियम. ‘आतड्यातले चांगले जिवाणू जपले पाहिजेत’ हे वाक्य ज्याच्या मनात संसर्गाची भीती आधीच ठाण मांडून आहे त्याला सांगितले, तर काही आठवड्यांत तो दह्यावरचे झाकण नीट होते की नाही हे पाचव्यांदा पाहू लागतो, थोडे आंबट लागले म्हणून भांडेभर दही ओतून देतो, घास मोजून चावतो, शौचाचा रंग न्याहाळत बसतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत जिवाणूंची नावे शोधत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो प्रकृतीची काळजी घेत आहे असे वाटते. प्रत्यक्षात आजाराने फक्त जागा बदललेली असते.

यासाठी काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्यात. आहारात कोणता बदल करायचा हे एकदाच, शक्यतो उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या समोर ठरवावे आणि त्यानंतर त्यावर नवी माहिती शोधू नये. बदल ढोबळ मापात असावा : ‘एक वाटी दही’, ‘१२० ग्रॅम’ नव्हे. आठवड्यातून एखादा दिवस तो बदल मुद्दाम सोडून द्यावा. सोडलेल्या दिवशी मनाला किंचित रुखरुख लागली तर ठीक. पण घालमेल होत असेल, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट ताक प्यावेसे वाटत असेल किंवा काहीतरी अनर्थ होईल असे वाटत असेल, तर तो आहार राहिलेला नाही, विधी झाला आहे, आणि ती गोष्ट पुढच्या भेटीत आवर्जून सांगावी. चांगला मानसोपचारतज्ज्ञ मग त्याच गोष्टीचा सरावात उपयोग करून घेतो : नातेवाइकांच्या घरचे दही खाणे, लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा पिणे, उसळीतला एखादा दाणा नीट शिजला आहे की नाही हे न पाहता जेवण संपवणे. काहींना हा सराव जिवाणूंच्या कोणत्याही फायद्यापेक्षा अधिक काही देऊन जातो.

घरच्यांचे कामही येथे अवघड आहे. ‘आई, हे दही चांगलं आहे ना? नक्की ना?’ असा प्रश्न आला की पहिल्यांदा सरळ उत्तर द्यावे. तोच प्रश्न पुन्हा आला की ‘याचं उत्तर मी एकदा दिलंय, आता आपण जेवू या’ एवढेच शांतपणे म्हणावे. प्रत्येक वेळी खात्री देत राहिल्याने भीती क्षणभर शमते आणि पुढच्या वेळी अधिक जोराने येते. त्याच्यासाठी वेगळी भांडी, वेगळे विरजण, वेगळा स्वयंपाक असे सुरू झाले असेल तर ते रागाने एका दिवसात बंद करू नये. उपचारांच्या योजनेत, रुग्णाच्या संमतीने, एकेक करून कमी करावे.

प्रोबायोटिक घ्यायचे झाले तर

मंत्रचळावरील उपचार म्हणून मान्यता मिळालेले एकही प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू असलेली कॅप्सूल किंवा पूड, आज नाही. तरीही जुलाबासारख्या पोटाच्या त्रासासाठी कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेत असेल, तर वेष्टनावर जिवाणूची प्रजात आणि वाण दोन्ही लिहिलेले आहे का ते पाहावे, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. नावांत २०२० पासून बदल झाला आहे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस असाही लिहिलेला दिसेल, तो जिवाणू तोच. मुदत संपेपर्यंत किती जिवंत जिवाणू राहतील याचा आकडा आणि साठवणुकीची सूचना वाचावी. बरोबर प्रतिजैविक चालू असेल तर दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. चार ते आठ आठवड्यांत पोटाला काही फरक वाटला नाही तर ते थांबवावे. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खूप कमी झाली आहे, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे, यांना प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. अशांमध्ये त्यातील जिवाणू किंवा यीस्ट रक्तात उतरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

कशावर पैसे आणि जीव घालवू नये

शौचाचा नमुना पाठवून ‘तुमचा मायक्रोबायोम’, म्हणजे आतड्यातील जिवाणूंचा समूह कसा आहे हे, सांगणाऱ्या महागड्या तपासण्या मंत्रचळासाठी करू नयेत. कोणता अहवाल आला म्हणजे कोणता उपचार द्यावा, हे ठरवण्याची रीत अजून नाही, आणि संशयी मनाला तो अहवाल महिनोन्महिने पुरतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके घेऊन ‘वाईट जिवाणू’ मारण्याचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. ती चांगल्या-वाईटात भेद करत नाहीत आणि विस्कटलेली घडी परत बसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार वारंवार होणाऱ्या एका विशिष्ट आतड्याच्या संसर्गासाठी अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये तयार औषधांच्या रूपात मंजूर झाला, मंत्रचळासाठी नाही. २०१९ मध्ये अशाच उपचारातून औषधांना न जुमानणारा जिवाणू शरीरात जाऊन एक रुग्ण दगावला होता. घरगुती प्रयोगांचा तर प्रश्नच येऊ नये.

या सावधगिरीला इतिहासाचाही आधार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांची खात्री पटली होती की, वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतूंमध्ये आहे. त्यांनी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि अखेरीस मोठे आतडे काढून टाकण्याचा सपाटा लावला. त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण मरण पावले आणि आजार बरे झाल्याचे दावे तपासणीत टिकले नाहीत. आतडे आणि मन यांचा संबंध तेव्हाही कोणी शून्यातून कल्पिला नव्हता. पुरावा येण्याआधी उपचार आला, ही चूक होती.

नोंद कशी ठेवावी

आहार बदलल्याने काही फरक पडतो आहे का, हे रोज तपासू नये, कारण रोजचे तपासणे हीही एक सक्ती होते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चार ओळी पुरेत : सक्तीच्या कृतींत दिवसाचा अंदाजे किती वेळ गेला, झोप कशी होती, पोटाचा त्रास कसा होता, औषध चुकले का. तज्ज्ञांकडे येल-ब्राउन ही दहा प्रश्नांची, शून्य ते चाळीस गुणांची मोजपट्टी असते; तिचे गुण दर काही आठवड्यांनी त्यांनीच काढावेत. आहार आणि औषध यांत एकाच वेळी बदल करू नये, म्हणजे कशामुळे काय झाले हे डॉक्टरांना सांगता येते.

मुलांविषयी वेगळी सूचना

पाच-सात वर्षांचे, कालपर्यंत हसतेखेळते असलेले मूल एक-दोन दिवसांत अचानक हात धुण्याची, विचारत राहण्याची सक्ती दाखवू लागले, जेवण टाकू लागले, अंथरूण ओले करू लागले किंवा त्याच्या चेहऱ्याला वा हातापायांना नकळत पुन्हा पुन्हा बसणारे झटके (टिक्स) सुरू झाले, तर दही-ताकाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गानंतर काही मुलांत असा आकस्मिक मंत्रचळ दिसतो, असे अमेरिकेतील डॉक्टर सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५० मुलांच्या नोंदींवरून मांडले. या कल्पनेवर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत, पण घसा तपासून घेण्यात वाद नाही. डॉक्टरांकडे जाताना लक्षणे नेमक्या कोणत्या तारखेला सुरू झाली, त्याआधीच्या महिनाभरात घसा दुखला किंवा ताप आला होता का, शाळेत वा घरात कोणाला तसा त्रास झाला का, आणि कोणती औषधे दिली गेली, हे कागदावर लिहून न्यावे. शक्य असल्यास झटक्यांचे छोटे चित्रीकरणही मोबाइलवर करून ठेवावे.